दाजींचा फोटो

११ जानेवारी, शनिवार

मला काम मिळालंय त्या गोदामाशेजारच्या दुकानात ही वही मिळाली. रेघा आखलेल्या आहेत, पण मला रेघेवर लिहायला कधी जमलं नाही, मास्तर त्यावरूनच कान पिरगाळायचे. वही घेतली त्याला कारण आहे. मी एक ठरवतो आणि वाटेत दुसरंच करत बसतो. नऊ वर्षांत चार देश झाले. एकाही ठिकाणी जे करायला गेलो ते केलं नाही. बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली चढलो आणि उतरलो तेव्हा रंगारी होतो. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. मी इथे दाजीची जिरवायला आलोय.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. त्याआधी तो सगळ्या गावाचा 'सर' होता, मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाला. मी सतरा वर्षांचा, दहावीत दोनदा आपटलेला, त्याच्याकडे गाड्या पुसायला. एक दिवस शिकवणीच्या पांढऱ्या गाडीचं डावं दार चेपलेलं सापडलं. चाव्या माझ्याकडे असायच्या, म्हणून मीच. मी आईची शपथ घेतली. ऐकलं नाही. शिकाऊ गाडीला लावतात ती लाल एलची पाटी त्यानं काढली, सुतळीनं माझ्या गळ्यात अडकवली आणि मला चौकात उभं केलं. अकरा ते पाच. हात खाली. शाळा सुटली, ऑफिसं सुटली, सगळ्यांनी पोटभर बघून घेतलं. कुणीतरी फोटो काढला, तो घरोघर फिरला. तेव्हापासून गावात मला कुणी नावानं हाक मारली नाही. एल्या. आठवड्याच्या आत एका ट्रकात बसून निघालो. चार महिन्यांनी कळलं, ताईनं त्याच माणसाशी लग्न केलं. ती त्याच्याकडेच गाडी शिकत होती.

आता ताई इथे परदेशात सिटी बस चालवते. मधे रबरी भाता असतो ना, तसली दोन डबे जोडलेली लांबलचक बस. आणि दाजी घरी असतो. घरी म्हणजे घरीच. स्वयंपाक, धुणं, इस्त्री आणि ठकी. ठकी माझी भाची, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेत.

आज दार त्यानंच उघडलं. पोटावर फुलाफुलांचा एप्रन. मला इतकं बरं वाटलं की प्रवासाचा शीण गेला.

"ये ये," म्हणाला. "बूट बाहेरच काढ, फरशी ओली आहे."

नऊ वर्षांनी भेटला आणि फरशी.

१२ जानेवारी, रविवार

आज जे बघितलं ते सिनेमाच्या तिकिटात मिळत नाही.

रविवारी दुपारी तिकडे घरी व्हिडिओ कॉल असतो. दाजीची आई, त्याचे थोरले भाऊ, मागे थोरल्या वहिनी. कॉलच्या आधी अर्धा तास या घरात नुसती धावपळ. ताईचं बसचं जाकीट खुंटीवरून काढून कपाटात. टेबल फिरवून भिंतीकडे, म्हणजे वाळत घातलेले कपडे दिसायला नकोत. दाजी वर निळा शर्ट आणि टाय, खाली पायजमा. टाय ताईनं बांधला. मग तो बंद पडलेल्या लॅपटॉपसमोर बसला. ताई ओढणी घेऊन आत गेली, आणि कॉल लागल्यावर दाजीनंच केलेला चहा ट्रेमधून घेऊन बाहेर आली. मी कोपऱ्यात ओठ चावत बसलेलो.

"काम कसं चाललंय रे?" म्हातारीनं विचारलं.

"चाललंय आई. मीटिंगा फार."

"ह्यांना घरी यायला उशीरच होतो हो," ताई म्हणाली. जी बाई काल मी तिच्या बसमधून आलो तेव्हा एका ट्रकवाल्याला काचेतून बोट दाखवून मागे घ्यायला लावत होती, ती.

"बाबा ऑफिसला जातात," ठकी म्हणाली, एका दमात, आणि ताईकडे बघितलं.

थोरले म्हणाले, "साहेब झालास बाबा. आईला भेटायला सवड नाही तुला."

"राहू दे रे," म्हातारी म्हणाली. "नोकरी टाकून कुठे येतो तो. थोरली आहे की माझ्याकडं."

थोरल्या वहिनी मागे मनगटाला पट्टी गुंडाळत होत्या. त्या कधीच बोलत नाहीत म्हणे.

फोन बंद झाल्यावर दाजी टाय सैल करत थेट गॅसकडे गेला, भाजी लागली का बघायला. मी ताईला म्हटलं, "काय गं हे सोंग? एवढी इज्जत जपायची याची?"

"हे मी बसवलंय," ती म्हणाली. "तू मधे तोंड घालू नकोस."

नवऱ्याची बाजू घेणारच. मला हवं ते मिळालं. याला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर तिकडच्यांना कळायची.

१५ जानेवारी, बुधवार

गोदामातलं काम म्हणजे खोकी. पट्ट्यावरून येतात, रंग बघून पिंजऱ्यात टाकायची. मुकादमाला मी शिट्टी नाव ठेवलंय, कारण नाकातून आवाज येतो. काल एका खोक्यातून पक्ष्यासारखं काहीतरी ओरडलं. सगळे थांबले. उघडलं तर घड्याळ. अर्धा तास मी दुसऱ्या पक्ष्यांची वाट बघत होतो.

दाजीच्या लायसनची गोष्ट कळली. इथलं लायसन काढायला गेला, तीनदा नापास! पंधरा वर्षं शेजारच्या सीटवर बसून शिकवलं ना, त्यामुळे स्टिअरिंगवर बसला की रस्त्याकडे न बघता शेजारच्या परीक्षकाकडे बघतो, तो नीट चालवतोय का म्हणून. तिसऱ्या वेळी त्यानं परीक्षकाला सांगितलं, "आरसा बघा." ताई पहिल्या फटक्यात पास झाली, मग मोठं लायसन, मग बस. ताईनं हे हसत हसत सांगितलं आणि तोही हसला. लाज म्हणून काही नाही.

एक तक्रार. सकाळी बूट घालायला जावं तर ते रोज गरम असतात. कोणीतरी हिटरजवळ नेऊन ठेवतं. चामडं तडकेल अशानं.

१९ जानेवारी, रविवार

संधी घालवली. फोनचं स्टँड मोडलं होतं म्हणून दाजीनंच फोन माझ्या हातात दिला. "तू धर, तुझा हात स्थिर आहे." शत्रूनं स्वतःच्या हातानं तलवार द्यावी तसं. ठरवलं होतं, म्हातारी बोलायला लागली की हळूच खाली वळवायचा. पायजमा, स्लीपर, टेबलाखाली सोललेल्या वाटाण्यांचं टोपलं. पण समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून एक माणूस पाठीवर आरशाचं कपाट घेऊन उतरत होता, आणि आरशात सगळं आभाळ हलत होतं, एका पायरीला एक ढग. मी बघत राहिलो. भानावर आलो तर कॉल संपलेला. म्हातारी सगळा वेळ अर्ध्याच चेहऱ्याशी बोलली म्हणे.

वहीत लिहूनही हे असं. पुन्हा लिहितो. जिरवायची. फोटोला फोटो.

२३ जानेवारी, गुरुवार

झालं. नऊ वर्षं, आणि झालं पाच मिनिटांत.

आज सुट्टी होती. ताई दुसऱ्या शिफ्टला. दाजी इस्त्री करत होता, एप्रन लावून, ताईचे युनिफॉर्मचे शर्ट. मी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, ठकीच्या लाल खडूनं त्यावर एल काढला, दोन भोकं पाडून दोरी ओवली.

"ठके, ड्रायव्हिंग स्कूल खेळूया?"

"मी मास्तर!" ती म्हणाली. "बाबा शिकणार!"

पुढचं मला काही करावंच लागलं नाही. ती पाटी घेऊन धावत त्याच्याकडे गेली. हात पुरेना म्हणून तो खाली वाकला, आणि तिनं ती त्याच्या गळ्यात घातली. सरळ उभा राहिल्यावर त्यानं मान खाली घालून पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मोबाइल धरून तयार होतो.

त्यानं इस्त्री टाचेवर उभी केली. बटण बंद केलं. दोन्ही हात खाली सोडले आणि उभा राहिला.

पहिल्या फोटोत माझं बोट आलं. दुसरा हलला. तो हलला नाही, माझाच हात. तिसरा नीट आला. एप्रन, पाटी, मागे दोरीवर बायकोची पँट. सगळं.

"आला का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"फोटो."

"आला."

"बरं." मग ठकीला म्हणाला, "मॅडम, आता गाडी सुरू करू का?" आणि इस्त्रीचं टेबल धरून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायला लागला. ठकी हसून हसून लोळली.

बिनडोक माणूस. त्याला कळलंच नाही. कळलं असतं तर पाटी फाडून माझ्या तोंडावर फेकली असती. मी असतो तर फेकली असती.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी गोदामात जाता जाता फोटो पान्याला पाठवला. पान्या ड्रायव्हिंग स्कूलचा जुना मेकॅनिक, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. खाली लिहिलं, 'सर सध्या काय करतात. बस बायको चालवते, सर इस्त्री.'

दुपारपर्यंत गाव पेटलं.

'सर की बाईसाहेब?'

'आमचे शर्ट पण पाठवू का सर?'

'बस बायको चालवते म्हणे, हे कंडक्टर पण नाहीत.'

एकानं लिहिलं, 'एल्या, मानलं तुला.' ते मी सात वेळा वाचलं. शिट्टीनं विचारलं काय झालं, लॉटरी लागली का. मी म्हटलं तसंच समज. मग निळ्या पिंजऱ्यात बारा खोकी चुकीची टाकली.

संध्याकाळी घरी आलो तर दाजीनं कोबी केला होता, मला आवडतो तसा कोरडा, मिरच्या घालून. कसं माहीत कोण जाणे. दोनदा मागून घेतला. विजयाच्या दिवशी भूक लागते.

२६ जानेवारी, रविवार

आज वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो होतो. जसं झालं तसं लिहितो.

शर्ट, टाय, टेबल, लॅपटॉप, सगळं नेहमीसारखं. ताईला काही माहीत नव्हतं. दाजीला होतं की नव्हतं, सांगता येत नाही. फोन माझ्या हातात.

फोनवर आधी थोरलेच आले. "टाय झकास आहे. जरा उभा राहा ना साहेब, सगळा दिसू दे."

दाजी बसूनच राहिला.

"काय झालं दादा?" ताई ट्रे घेऊन आली होती.

"काही नाही गं. आमच्या साहेबांचा फोटो आलाय गावात. लाँड्री काढली म्हणे. बायको बस हाकते आणि हा भांडी घासतो! चौकात पाय ठेवायची सोय ठेवली नाहीस रे. पान्या, तो पान्या मला विचारतो, सर फरशीला कुठलं फिनेल वापरतात म्हणून!"

हाच तो क्षण. मी फोन घट्ट धरला, त्याचा चेहरा मधोमध.

त्यानं टाय सोडला. घडी करून टेबलावर ठेवला. "हो दादा," म्हणाला. "घरचं सगळं मी करतो. पाच वर्षं झाली."

"आणि वर सांगतोस!"

"तू सरक," म्हातारी म्हणाली. "फोन दे माझ्याकडं." आधी छत दिसलं, मग तिचं कपाळ, मग ती. "काय काय येतं तुला?"

"सगळं येतं आई."

"पोरीला आंघोळ कोण घालतं?"

"मीच."

"वेणी?"

"मीच."

"ओढले जात नाहीत केस?"

"नाही. टोकाकडून विंचरत वर जायचं."

म्हातारीनं फोन तोंडाजवळ आणला. मला वाटलं आता रडेल, आता शिव्या घालेल, आता म्हणेल तू माझा मुलगा नाहीस.

"मग माझं करायला ये," ती म्हणाली.

"आई," ताई म्हणाली.

"मला धरून उठवावं लागतं आता. थोरलीच्या मनगटात जीव राहिला नाही. मला उचलून झालं की मोरीत जाऊन रडते, तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तुला नोकरी आहे म्हणून मी तोंड उघडलं नाही इतकी वर्षं. नोकरीच नाही, तर ये की."

"अगं आई, पुरुषाचं काय काम त्यात—" थोरले.

"तू गप. तुला साधा भात लावता येत नाही."

मागे थोरल्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. आज पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. "याल का भावजी?" एवढंच.

"आई, ठकीची शाळा आहे," ताई म्हणाली. "माझी ड्यूटी पहाटेची असते."

"तू आहेस की. आणि तुझा भाऊ आलाय ना राहायला?"

माझा हात अवघडला होता. मी त्याचं थोबाड फोडायला गेलो, आणि म्हातारीनं त्याला कामावर ठेवून घेतलं.

२७ जानेवारी, सोमवार

ताई ड्यूटीवरून आली ती युनिफॉर्ममध्येच माझ्यासमोर बसली.

"तू पाठवलास?"

"हो."

"का?"

"तुला माहितीय का ते."

तिनं टोपी टेबलावर ठेवली. "तुला काय वाटलं, तो टाय त्याच्यासाठी होता? त्याला नव्हती रे लाज. पहिल्याच महिन्यात म्हणाला, सांगून टाकूया. मी नको म्हटलं. दर रविवारी मी बांधला तो टाय. मुलगा घरीच असतो आणि त्याला सगळं येतं, हे तिकडं कळलं की तो त्यांचा झाला. साहेबाला कोणी बोलवत नाही. बिनकामाच्याला बोलवतात."

"मग त्यानं नाही म्हणावं."

"आईला?"

पण मला अजून नीट कळलेलं नाही. सूड माझा आणि त्याचा होता. यात ताई कुठून आली?

"गोदामात सांगून टाक," ती उठताना म्हणाली. "पुढच्या शुक्रवारपासून येत नाही म्हणून."

"का?"

"पहिल्या शिफ्टला मी साडेचारला घर सोडते. ठकी सातला उठते, साडेआठला शाळा. ते कोणी करायचं?"

"मी नाही हं. मार्चमध्ये मला पुन्हा बोटीवर कामाला—"

"फोटो काढायच्या आधी बोट आठवायची होतीस," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. बसमध्ये बोलते तसं बोलली, पुढचा थांबा सांगितल्यासारखं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दाजी गेला.

गेले आठ दिवस तो मला शिकवत होता. ड्रायव्हिंग स्कूलसारखंच. स्वतः हात मागे बांधून डाव्या बाजूला उभा, आणि मी गॅसपाशी. "घाई नको. आच कमी. आता वळव." एकदा दूध उतू जायला लागलं तेव्हा त्याचा उजवा पाय जोरात फरशीवर दाबला गेला. ब्रेक! मला हसू आलं, त्यालाही. मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

परवा पांढरे कपडे वेगळे का धुवायचे हे सांगता सांगता म्हणाला, "ते दार तुझ्या ताईनं चेपलं होतं."

मी बादली खाली ठेवली.

"खांबाला घासलं तिनं, मागे घेताना. सांगितलं तर मी शिकवायचं बंद करीन, अशी भीती वाटली तिला. लग्नानंतर महिन्याभरानं बोलली."

"मग मला का नाही सांगितलं कोणी?"

"कुठल्या तोंडानं सांगणार होतो?" तो म्हणाला आणि पुन्हा साबण किती घालायचा ते सांगायला लागला.

खोटं असणार. जाता जाता बहीण-भावात काडी टाकून जातोय. तरी रात्रीच्या जेवणाआधी ताईला विचारलंच. ती ड्यूटीच्या बुटांना पॉलिश करत होती. एकच बूट दोनदा केला.

आज त्याला स्टेशनवर सोडायला रजा मिळाली नाही तिला. म्हणून आम्ही तिच्याच बसनं गेलो. दाजी सगळ्यात पुढच्या सीटवर, दोन बॅगा पायाशी, मांडीवर ठकी. मी मागे उभा. वळणावळणाला त्याचा पाय खाली दाबला जायचा. ताईला आरशात दिसत असणार. थांबे येत होते, माणसं चढत-उतरत होती, ती सगळ्यांना दार उघडत होती, लावत होती.

स्टेशन आलं. त्यानं ठकीला माझ्याकडे दिलं, बॅगा उचलल्या, आणि ताईच्या काचेपाशी उभा राहिला. चालकाशी बोलू नये अशी सूचना असते तिथे.

ताई समोर बघत होती. "अहो, उतरा," ती म्हणाली. "मागे गाडी आहे."

८ फेब्रुवारी, शनिवार

बूट गार लागले सकाळी.

१० फेब्रुवारी, सोमवार

ठकी माझ्याशी बोलत नाही. नाही म्हणजे बोलते, पण दुकानदाराशी बोलावं तसं. "वेणी घट्ट झाली. सोडा." सोडली. "आता सैल झाली. सोडा." सोडली. मला अहोजाहो करायला तिला कोणी शिकवलं? चौथ्यांदा कंगवा वरून लावला तशी किंचाळली, "टोकाकडून! तुम्हाला काहीच येत नाही!"

शाळेला उशीर. दारात बाई उभ्या. "वडील आजारी आहेत का?" मी म्हटलं गावाला गेलेत. "कधी येणार?" ठकीनं माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या पोरीला असं बघता येतं हे मला माहीत नव्हतं. चौकातल्या गर्दीत त्या दिवशी एकही माणूस माझ्याकडे तसं बघत नव्हता.

ताई तर आणखी वरची. शिव्या नाहीत, भांडण नाही. घरी येते, भांड्यावर बोट फिरवते आणि म्हणते, "चालेल." रोज चालेल. मी नऊ वर्षं राग धरला, पण मला असा थंड राग धरता आला नाही.

पान्याचा मेसेज, 'एल्या, नवीन फोटो?' उत्तर दिलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतून अकराला फोन. ठकीला ताप. आणली. जिन्यात एकदा ओकली, गादीवर एकदा. अंग तव्यासारखं. ताईचा मोबाइल ड्यूटीवर असताना डेपोच्या कपाटात बंद असतो. डेपोला फोन केला, ते म्हणाले बस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, निरोप देतो. औषधाच्या डब्यात सात बाटल्या. कुठली?

एकच नंबर होता. पंधरा मिनिटं लावला नाही. मग ठकी "बाबा" म्हणाली, मला नाही, भिंतीला. लावला.

पहिल्या रिंगला उचलला. मी म्हटलं, "दाजी, ठकीला—"

"ताप किती?"

"थर्मामीटर सापडत नाही."

"टॉवेलांच्या कप्प्यात, डावीकडे. लाव. फोन ठेवू नकोस."

तीन तास फोन ठेवला नाही. पांढऱ्या झाकणाची बाटली. किती चमचे. पाणी घोटघोट, एकदम नाही. कपाळावर नाही, काखेत पट्टी. डॉक्टरांना काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं, मी तसंच डॉक्टरांना सांगितलं. मधे त्यांच्या बाजूला म्हातारी काहीतरी मागत होती, आणि ते म्हणत होते, "हो आई, आलो. एक मिनिट." मग पुन्हा, "आता बघ किती."

तीनला ताप उतरायला लागला. मी मनात तयारी करून होतो. आता बोलतील. आता म्हणतील, काय रे, मजा आली? मी असतो तर बोललो असतो. उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

"चादर गार पाण्यात भिजव," ते म्हणाले. "गरम पाण्यात डाग बसतो." आणि फोन ठेवला.

एक शिवी दिली असती तर काय बिघडलं असतं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

ठकी बरी आहे, पण जेवत नाही. भात समोर घेऊन बसली. "बाबा करतात तसा नाही." बोटवाल्याचा निरोप आलाय, मार्चमध्ये येणार का ते शनिवारपर्यंत कळव. कळवतो म्हटलंय.

ताई कामावर. भाताचं विचारायला दाजींना फोन लावला. म्हातारीनं उचलला.

"तो कपडे धुतोय माझे. कोण बोलतंय?"

"ठकीचा मामा."

मागे नळ चालू होता.

"फोटोवाला?"

"हो."

"देव तुझं भलं करो रे बाबा," म्हातारी म्हणाली. मी कान फोनला जास्त दाबला, थट्टा करतेय का कळावं म्हणून. करत नव्हती. "तू पाठवला नसतास तर मला कळलंच नसतं. काय हात आहे त्याचा! अंग दुखत नाही आता. थोरली झोपते दुपारची. आता नाही सोडायची मी याला, आहे तोवर."

मागून दाजींचा आवाज आला, "कोण आहे गं आई?"

"कोणी नाही," ती म्हणाली. फोन बंद.

ठकी ताट तसंच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा काय म्हणाले?"

"कामावर आहेत," मी म्हटलं. "खा आता."